पुरळ पाहून गोवर की देवी, हे सांगायला शिकवणारा हकीम : अल्-राझींची गोष्ट

घरात दोन-तीन वर्षांचं मूल आहे. तीन दिवस झाले, ताप उतरत नाहीये. नाक वाहतंय, डोळे लालभडक झालेत. चौथ्या दिवशी सकाळी कानामागे लाल ठिपके दिसतात आणि संध्याकाळपर्यंत ते छातीवर उतरतात. आई फोटो काढते आणि फॅमिली ग्रुपवर टाकते. पाच मिनिटांत उत्तरं सुरू. मामी म्हणते गोवर आहे, काकू म्हणते कांजिण्या, काका म्हणतात उष्णता झाली. आजीचं ठाम मत असतं की देवी आल्यात, पोराला आंघोळ घालू नका आणि डॉक्टरकडेही नेऊ नका.

प्रश्न साधाच असतो. हे पुरळ नेमकं कशाचं आहे?

पण एक काळ असा होता की या प्रश्नाच्या उत्तरावर मूल जगणार की नाही, आंधळं होणार की नाही, चेहरा कायमचा विद्रूप होणार की नाही, हे सगळं ठरायचं. तेव्हा मायक्रोस्कोप नव्हता, रक्ततपासणी नव्हती, विषाणू हा शब्दही नव्हता. अशा काळात एका माणसाने फक्त रुग्णाच्या उशाशी बसून, बघून बघून या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलं. त्याच्या पुस्तकातली काही पानं खास डोळे वाचवण्यासाठी होती. आणि आयुष्याच्या शेवटी त्याचेच डोळे गेले.

त्याचं नाव अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया अल्-राझी. युरोपने त्यांना रेझेस म्हटलं. आपण राझी म्हणू.

आधी वादक, मग किमयागार, मग हकीम

आजच्या इराणची राजधानी तेहरान. तिच्या दक्षिणेला, आता शहरातच मिसळून गेलेलं एक जुनं गाव आहे, रे. हजार वर्षांपूर्वी हे रे मोठं व्यापारी शहर होतं, चीनकडून बगदादकडे जाणाऱ्या वाटेवरचं. रे गावचा तो राझी. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं ना, तसंच.

राझींचा जन्म इ.स. ८६५ चा. ही तारीख आपल्याला कळते ती अल्-बिरुनीमुळे. तोच अल्-बिरुनी, ज्याने भारतावर पुस्तक लिहिलं आणि जो आपल्याला शाळेच्या इतिहासात भेटतो. बिरुनी राझींनंतर साधारण शंभर वर्षांनी जन्मला, पण त्याला राझींबद्दल इतकं कुतूहल होतं की त्याने त्यांच्या लिखाणाची यादीच केली. यादीत १८४ नावं भरली. औषध, रसायन, तत्त्वज्ञान, खगोल, गणित, सगळं त्यात होतं.

पण गंमत म्हणजे राझी काही लहानपणापासून हकीम व्हायचं ठरवून बसले नव्हते. जुन्या चरित्रकारांच्या म्हणण्यानुसार तरुणपणी ते ऊद वाजवायचे आणि गायचे. नंतर त्यांना किमयेचा नाद लागला. हलक्या धातूचं सोनं करायचं, हे त्या काळातलं सगळ्यात मोठं स्टार्टअप होतं म्हणा ना. भट्ट्या, धूर, आम्लं, पारा यात त्यांची बरीच वर्षं गेली. सोनं झालं नाही, पण पदार्थांची नीट वर्गवारी करायची, उपकरणांची आणि कृतीची नोंद ठेवायची सवय मात्र लागली. हीच सवय पुढे रुग्णांच्या बाबतीत कामी आली.

वैद्यक त्यांनी बऱ्याच उशिरा, तिशी उलटल्यावर शिकायला घेतलं असं सांगतात. म्हणजे आज करिअर बदलायला घाबरणाऱ्यांनी राझींकडे बघायला हरकत नाही.

वर्तुळात बसलेले विद्यार्थी आणि मधोमध गुरुजी

राझी आधी रेमधल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, मग बगदादमधल्या रुग्णालयाचे. बगदाद तेव्हा अब्बासी खलिफांची राजधानी होती. ग्रीक, सिरियाक, फारसी आणि संस्कृत ग्रंथांची अरबी भाषांतरं तिथे होत होती. चरक आणि सुश्रुत ही नावं राझींना माहीत होती. त्यांच्या टिपणांमध्ये या भारतीय वैद्यांचे हवाले येतात.

बगदादच्या रुग्णालयाबद्दल एक किस्सा सोशल मीडियावर खूप फिरतो. नवं रुग्णालय कुठे बांधायचं हे ठरवण्यासाठी राझींनी शहराच्या वेगवेगळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगले आणि जिथे मांस सगळ्यात उशिरा सडलं, ती जागा निवडली, असा तो किस्सा. ऐकायला भारी आहे. पण ज्या अदुदी रुग्णालयाशी हा किस्सा जोडला जातो, ते उभं राहिलं राझींच्या मृत्यूनंतर सुमारे अर्ध्या शतकाने. त्यामुळे तो फॉरवर्ड करण्याआधी थोडं थांबा.

त्यापेक्षा भरवशाचं वर्णन मिळतं ते दहाव्या शतकातल्या इब्न अल्-नदीम या बगदादी ग्रंथ-संग्राहकाकडून. त्याने राझींना पाहिलेल्या माणसाकडून ऐकलेलं लिहून ठेवलंय. राझी म्हातारे, मोठ्या डोक्याचे. ते मधे बसत. त्यांच्याभोवती त्यांचे विद्यार्थी, त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचे विद्यार्थी आणि बाहेर आणखी एक वर्तुळ. रुग्ण आला की आधी बाहेरच्या वर्तुळाला आपलं दुखणं सांगणार. त्यांना जमलं तर ठीक, नाही तर केस आतल्या वर्तुळाकडे. कुणालाच उलगडलं नाही तर शेवटी राझी बोलणार.

आज मेडिकल कॉलेजात इंटर्न, निवासी डॉक्टर आणि मग मोठे सर असा जो क्रम असतो, तो आठवला ना?

गरीब रुग्णांशी ते फार मायेने वागत, त्यांना पैशाची मदतही करत, असंही या वर्णनात आहे. आणि हातात कायम कागद. कधीही जा, राझी काही तरी लिहीत किंवा उतरवून घेत बसलेले असायचे. त्यांचे डोळे सतत पाणावलेले असत, ही बारीकशी नोंदही त्यात सापडते. सांगणाऱ्याने त्याचा दोष शेंगदाण्यांसारख्या खाण्याला नाही, तर त्यांच्या आवडत्या पावट्यासारख्या शेंगांच्या दाण्यांना दिलाय. ते डोळे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याकडे यायचंय.

एकाच नावाखाली दोन आजार

आता मुद्द्याकडे येऊ. त्या काळात ताप येऊन अंगभर पुरळ उठणारे दोन आजार मुलांना हमखास गाठायचे. एक देवी, दुसरा गोवर. देवी म्हणजे पाण्याने, मग पुवाने भरलेले टणक फोड. वाचलं तर चेहऱ्यावर खड्डे आणि कित्येकदा डोळा गेलेला. गोवर म्हणजे लाल सपाट ठिपके. पण सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत दोन्हींत नुसता ताप. कुठला आजार येतोय, ते कळायचं कसं?

राझींच्या आधी या आजारांवर कुणी लिहिलंच नव्हतं असं नाही. आपल्याकडे माधवकराच्या माधवनिदान या ग्रंथात मसूरिका आणि रोमांतिका अशी वेगळी वर्णनं येतात. अलेक्झांड्रियाच्या अहरून नावाच्या धर्मगुरू-वैद्यानेही या आजारांबद्दल लिहिलं होतं. पण फक्त या दोन आजारांवर स्वतंत्र पुस्तक, त्यात लक्षणं, फरक, काळजी, आहार, धोक्याच्या खुणा असं सगळं मांडलेलं, हे राझींनी केलं. किताब अल्-जुदरी वल्-हस्बा हे त्याचं नाव. जुदरी म्हणजे देवी, हस्बा म्हणजे गोवर. चौदा छोटी प्रकरणं. आजच्या भाषेत सांगायचं तर एक नेटका एक्सप्लेनर.

त्यात राझी काय सांगतात?

देवी येणार असेल तर पुरळ दिसण्याआधी सतत ताप असतो, पाठ दुखते, नाकात खाज येते आणि मूल झोपेत दचकून उठतं. यातली पाठदुखी ही देवीची खास खूण. गोवर येणार असेल तर पाठ तेवढी दुखत नाही, पण अस्वस्थपणा, मळमळ आणि जीव घाबरा होणं जास्त असतं.

मग पुरळ येतं. गोवराचं पुरळ त्वचेच्या पातळीवर, लाल. देवीचं वर उचललेलं, गोल फोडांचं. राझी इथेच थांबत नाहीत. कोणतं पुरळ बरं होईल आणि कोणतं जीवावर बेतेल, हेही ते लिहितात. फोड मोठे, मोजके, सुटे आणि पांढरे असतील, श्वास नीट चालू असेल आणि पुरळ आल्यावर ताप उतरत असेल तर चिंता कमी. फोड एकमेकांत मिसळत असतील, हिरवट, जांभळे किंवा काळपट दिसत असतील आणि पुरळ येऊनही मुलाला आराम पडत नसेल तर लक्षण वाईट.

विचार करा, हे किती रुग्ण पाहिल्यावर लिहिता येईल. त्यातली किती मुलं त्यांच्यासमोर गेली असतील.

आजच्या डॉक्टरांनी हे वाचलं तर काही गोष्टी त्यांना ओळखीच्या वाटतील. देवीच्या सुरुवातीला तीव्र पाठदुखी होते, हे आधुनिक वैद्यकानेही नोंदवलंय. फोड एकमेकांत मिसळणारी आणि रक्तस्राव होणारी देवी सगळ्यात घातक, हेही खरं ठरलं.

पुरळाला आराम कसा द्यायचा?

पुस्तकाचा मोठा भाग उपचारांचा आहे. देवी बरी करणारं औषध आपल्याकडे आहे असा दावा राझी करत नाहीत. त्यांचा भर आहे मुलाला त्यातून सुखरूप बाहेर काढण्यावर.

सगळ्यात आधी डोळे. पुरळाची लक्षणं दिसताच डोळ्यांत वरचेवर गुलाबपाणी घालायचं, चेहरा दिवसातून अनेकदा गार पाण्याने धुवायचा, डोळ्यांवरही गार पाणी मारायचं. त्यानंतर घसा. डाळिंबाच्या रसासारख्या आंबट-तुरट रसांनी गुळण्या, म्हणजे घशातल्या फोडांनी श्वास अडकू नये. मग कान, नाक, सांधे. शरीराच्या कुठल्या भागाला फोडांमुळे कायमची इजा होऊ शकते, ते ओळखून तो भाग आधी वाचवायचा, ही त्यामागची कल्पना.

फोड पिकले की ते सुकवण्यासाठी गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या किंवा झाऊच्या झाडाची धुरी. खपली धरली की ती कशी जपायची, व्रण फिके कसे करायचे, यावर वेगळी प्रकरणं. आहारात जवाचं पाणी. हलकं, पातळ, पोटाला न त्रासणारं.

या यादीतलं सगळंच आज कुणी करू नये, हे उघड आहे. पण मुद्दा वेगळा आहे. व्रण, खाज, डोळे, घसा, खाणंपिणं या गोष्टींना पुस्तकात जागा मिळणं, म्हणजे आजाराबरोबर आजारी माणसाचाही विचार होणं.

जिथे राझी चुकले

आता दुसरी बाजू. राझी ग्रेट होते म्हणून त्यांचं सगळं बरोबर होतं असं नाही.

हे आजार एकाकडून दुसऱ्याला लागतात, हे त्यांनी कारण म्हणून मांडलं नाही. त्यांच्या मते दोष रक्तात होता. लहान मुलाचं रक्त ताज्या द्राक्षरसासारखं, तरुणाचं आंबत असलेल्या रसासारखं आणि म्हाताऱ्याचं मुरलेल्या मद्यासारखं. रस एकदा उकळून, फसफसून शांत होतो, तसं रक्तही आयुष्यात एकदा उकळतं आणि तेव्हा देवी येते. पित्ताचा भाग जास्त असेल तर गोवर येतो.

हे चूक आहे. पण या चुकीत एक अचूक निरीक्षण लपलंय. देवी एकदा येऊन गेलेल्या माणसाला ती सहसा पुन्हा येत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि त्याचं कारण शोधायचा प्रयत्न केला. आज आपण याला रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. वैद्यकाच्या इतिहासकारांना ही मांडणी म्हणूनच महत्त्वाची वाटते.

उपचारांतही चुका होत्या. सुरुवातीला शीर तोडून रक्त काढायचा सल्ला ते देतात. पुरळ लवकर बाहेर यावं म्हणून अंग गुंडाळून वाफ द्यायलाही सांगतात. तापलेल्या मुलाला घोंगडीत गुंडाळायची आपल्याकडची पद्धत आठवते का? पुरळ आत राहिलं तर वाईट, ही समजूत इतकी जुनी आहे.

आणि गोवर व देवी हे पूर्णपणे वेगळ्या कुळातले विषाणू आहेत, हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं. त्यांच्या लेखी ते एकाच मुळाचे दोन आजार होते. कांजिण्यांना देवीपासून स्पष्ट वेगळं करायला तर १७६७ साल उजाडावं लागलं. ते काम इंग्लंडच्या विल्यम हेबरडेन यांनी केलं.

गुरूवर शंका, भोंदूंवर पुस्तक

राझी चुकले तरी मोठे का? कारण तपासून बघायची त्यांची पद्धत.

त्या काळात वैद्यकात गॅलेन या ग्रीक वैद्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. राझी गॅलेनला गुरू मानत. तरीही त्यांनी गॅलेनबद्दलच्या शंका या नावाचं पुस्तक लिहिलं आणि स्वतःच्या रुग्णांत जे दिसलं ते पुस्तकाशी जुळत नाही, असं सरळ सांगितलं. त्यांच्या टिपणांत आणखी एक नोंद सापडते. मेंदूच्या दाहासारख्या आजाराची लक्षणं दिसत असलेल्या काही रुग्णांचं त्यांनी रक्त काढलं आणि काहींचं मुद्दाम काढलं नाही, फरक पडतो का ते बघायला. निष्कर्ष आज आपल्याला मान्य होणार नाही, पण दोन गट करून तुलना करायची ही कल्पना आजच्या औषध-चाचण्यांचा पाया आहे.

डॉक्टर परवडत नाही किंवा मिळत नाही अशांसाठी त्यांनी घरगुती उपचारांचं वेगळं पुस्तक लिहिलं. शिकलेल्या हकिमांना सोडून लोक भोंदूंच्या मागे का लागतात, यावरही लिहिलं. कितीही हुशार हकीम असला तरी प्रत्येक आजार बरा करू शकत नाही, यावरही एक लेख लिहिला. अकराशे वर्षांपूर्वी! व्हॉट्सॲप असतं तर राझींचं काम दुप्पट झालं असतं, एवढं नक्की.

धर्म आणि तत्त्वज्ञानावरच्या त्यांच्या मतांमुळे वादही झाले. त्यांच्याच गावच्या अबू हातिम अल्-राझी या धर्मपंडिताशी झालेला वाद प्रसिद्ध आहे. त्यांचं बरंचसं तत्त्वज्ञानाचं लिखाण आज उरलेलं नाही. त्यातलं काय काय होतं, ते आपल्याला बरंचसं विरोधकांच्या पुस्तकांतून कळतं.

डोळे गेले तेव्हा

उतारवयात राझी रेला परतले. डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि हळूहळू दिसणं पूर्ण बंद झालं. देवी आलेल्या मुलांचे डोळे वाचवायला तासन् तास गुलाबपाणी घालायला सांगणारा माणूस आता स्वतः हात धरून चालत होता.

डोळे कशाने गेले, याच्या अनेक कथा आहेत. एक कथा अशी की रेच्या सुभेदाराने किमयेचा प्रयोग करून दाखवायला सांगितलं, तो जमला नाही, तेव्हा त्याने चिडून राझींच्याच पुस्तकाने त्यांच्या डोक्यावर मारलं. या कथेला पक्का आधार नाही. बिरुनीचं मत साधं आणि मनाला पटणारं आहे. रात्र रात्र जागून वाचणं आणि लिहिणं.

मोतीबिंदू काढायला एक वैद्य आला होता, अशी आख्यायिका आहे. राझींनी त्याला विचारलं की डोळ्यात पडदे किती असतात. त्याला सांगता येईना. ज्याला हे माहीत नाही त्याच्या हातात मी माझा डोळा देणार नाही, असं म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं. दुसऱ्या आवृत्तीत ते म्हणतात की जग पुरेसं बघून झालंय, आता नको. पहिली आवृत्ती खरी असावी असं वाटतं, कारण ती त्यांच्या स्वभावात बसते.

इ.स. ९२५ मध्ये रेमध्येच त्यांचा मृत्यू झाला. मागे राहिले टिपणांचे ढीग. ते त्यांच्या बहिणीकडे होते. पुढे इब्न अल्-अमीद नावाच्या वजिराने तिच्याकडून ते मिळवले आणि शिष्यांकडून त्यांचा ग्रंथ करून घेतला. हाच तो प्रचंड अल्-हावी. १२७९ मध्ये सिसिलीतल्या फरज बिन सालिम या ज्यू वैद्याने त्याचं लॅटिन भाषांतर पूर्ण केलं. आणि मूळ अरबी ग्रंथ छापला गेला तो आपल्या शेजारी, हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या संस्थेत, विसाव्या शतकात. तेवीस खंडांत!

गोवर-देवीचं छोटं पुस्तक त्याहून जास्त फिरलं. १४९८ मध्ये व्हेनिसला लॅटिनमध्ये छापलं गेलं, १७६६ मध्ये लंडनला मूळ अरबीसह, १८४८ मध्ये इंग्रजीत. म्हणजे जवळजवळ साडेनऊशे वर्षं ते डॉक्टरांच्या कामाचं पुस्तक होतं.

देवी गेली, गोवर राहिला

एडवर्ड जेन्नर यांच्या देवीच्या लसीचा भारतातला पहिला यशस्वी डोस दिला गेला मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर गोल व्रण दिसतो, तो याच लसीचा वारसा. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं. म्हणजे आज कुणाच्याही अंगावर पुरळ उठलं तर ती देवी नसते. हे आजीला प्रेमाने समजावून सांगा.

गोवर मात्र गेला नाही. लस आहे, स्वस्त आहे, तरीही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये गोवराचा उद्रेक झाला. भिवंडी आणि मालेगावमध्येही मुलं आजारी पडली, काही दगावली. कोविडच्या काळात अनेक मुलांची लस चुकली होती. जगभरात २०२३ मध्ये गोवराने अंदाजे १ लाख ७ हजार मृत्यू झाले आणि त्यात बहुतेक पाच वर्षांखालची मुलं होती.

राझींनी गोवर हा देवीपेक्षाही जास्त भीतीदायक मानला होता. अपवाद फक्त डोळ्यांचा. तेव्हा हे विचित्र वाटलं असेल. आज देवी संपलीय आणि गोवर मुलं नेतोय.

मग आज पुरळ उठलं तर काय करायचं?

आधी ओळख. गोवरात ताप, खोकला, वाहणारं नाक आणि लाल डोळे आधी येतात. पुरळ तीन ते पाच दिवसांनी, केसांच्या कडेला आणि कानामागे सुरू होऊन खाली उतरतं. कांजिण्यांत पाण्याने भरलेले, खाजणारे फोड पोट-पाठीवर जास्त, आणि एकाच वेळी नवे ठिपके, फोड आणि खपल्या असं सगळं दिसतं. तरी शेवटचं निदान डॉक्टरांचं. फोटो ग्रुपवर नाही, डॉक्टरांना दाखवा.

घरी आराम देण्यासाठी या गोष्टी करा :

- तापाला पॅरासिटामॉल, मुलाच्या वजनाप्रमाणे. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. कांजिण्यांमध्ये आयबुप्रोफेनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.
- पाणी, पेज, ताक, वरणाचं पाणी, जे जाईल ते वरचेवर द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका.
- डोळे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. उजेड टोचत असेल तर पडदे ओढा. गुलाबपाणी नको.
- सैल सुती कपडे घाला. अंग कोमट पाण्याने पुसा किंवा आंघोळ घाला. घोंगडीत गुंडाळू नका.
- नखं कापा. कांजिण्यांच्या खाजेवर कॅलामाइन लोशन चालतं. फुटलेल्या फोडांवर हळद, राख किंवा पाल्याचा लेप लावू नका, त्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो.
- गोवर असेल तर अ जीवनसत्त्वाचे दोन डोस, सलग दोन दिवस. प्रमाण वयानुसार डॉक्टर ठरवतील. गोवरात डोळा जाण्याचा धोका यामुळे कमी होतो.
- गोवराचं पुरळ उठल्यापासून चार दिवस आणि कांजिण्यांत सगळ्या खपल्या धरेपर्यंत मुलाला शाळेत किंवा अंगणवाडीत पाठवू नका. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला लांब ठेवा.

आणि या खुणा दिसल्या तर थेट रुग्णालय गाठा : धाप लागणं, पाणीही न पिणं, सतत गुंगी, झटके, डोळ्याच्या बुबुळावर पांढरट छटा, किंवा काचेचा ग्लास दाबल्यावरही न फिकटणारं लाल-जांभळं पुरळ.

सगळ्यात मोठा उपाय लस. सरकारी केंद्रात ती मोफत मिळते. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दुसरा चुकला असेल तर वेळ गेली म्हणून सोडून देऊ नका, जाऊन विचारा.

राझींकडे लस नव्हती, अ जीवनसत्त्व नव्हतं, विषाणूची कल्पनाही नव्हती. त्यांच्याकडे होतं ते फक्त मुलाच्या अंगावरचं पुरळ नीट बघणं आणि बघितलेलं लिहून ठेवणं. बाकी सगळं आपल्याकडे आहे. मुलाचं लसीकरण कार्ड आज एकदा कपाटातून काढून बघा, दोन्ही रकाने भरलेत ना.